झोपेत दात खाणे : जंत की आणखी काही?

आपल्या धाटाव परिसरात लहान मूल रात्री करकर दात खाऊ लागले की घरातील आजी दुसऱ्याच दिवशी सांगते, "पोराच्या पोटात जंत झालेत, औषध द्या." मोठ्या माणसाने दात खाल्ले तर "दिवसाचा राग रात्री काढतोय" अशी थट्टा होते. या दोन समजुतींपुढे आपली चौकशी सहसा जात नाही, आणि तोवर दात झिजत राहतात. सभासद बंधू-भगिनींना व विद्यार्थ्यांना या विषयाची थोडी माहिती व्हावी म्हणून हा लेख.

प्रथम जंतांविषयी. जंतांमुळे मुले अशक्त होतात, अंगातील रक्त कमी होते. म्हणूनच २०१५ सालापासून शासन राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळून १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाडीतून अल्बेंडाझोलची गोळी देते. ती अवश्य द्यावी. पण ती दात खाण्यावरचे औषध नव्हे. पोटात जंत नसलेली मुलेही दात खातात, आणि बहुतेकांची ही सवय वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते. मात्र मूल घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, तर त्याचे टॉन्सिल व नाकामागील गाठी डॉक्टरांना दाखवाव्यात.

मग दात का खाल्ले जातात? पूर्वी दंतवैद्यांचाही समज होता की वरचे व खालचे दात नीट बसत नाहीत म्हणून माणूस ते घासतो. १९६१ साली रॅमफियोर्ड या शास्त्रज्ञाने हे मत जोराने मांडले. पुढे माँट्रियल येथे लाविन्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूची, हृदयाची व जबड्याच्या स्नायूंची रात्रभर नोंद घेतली. झोप उथळ होऊन मेंदू क्षणभर जागृतीकडे येतो, नाडी वाढते, आणि त्यानंतर जबडा आवळला जातो, असा क्रम दिसून आला. म्हणजे मूळ दातांत नसून झोपेत आहे.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. मी स्वतः कारखान्यात तिन्ही पाळ्या केलेला माणूस. सकाळी उठलो की कानशिले ठणकत, जबडा जड वाटे. दात खातो हे मला ठाऊकच नव्हते; ते घरच्यांनी सांगितले. एका ठिकाणी माझ्या तीन दाढा "उंच आहेत" म्हणून घासून कमी करण्यात आल्या. दात खाणे थांबले नाही. उलट गार पाण्याची कळ तेवढी मागे लागली. दातावरील कवच शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय, पण एकदा गेले की ते पुन्हा उगवत नाही. म्हणून केवळ ही सवय जावी यासाठी कोणी दात घासून कमी करू लागल्यास आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

झोप मोडणारी व मेंदूला चेतवणारी कारणे आपल्याच हातात पुष्कळ आहेत. रात्रपाळीत चहावर चहा, तंबाखू, विडी, आणि पाळी सुटल्यावर "झोप लागावी" म्हणून घेतलेली दारू. दारूने झोप लागते खरी, पण ती उथळ व तुटक असते. भगिनींच्या मिश्रीतही तंबाखूच असते, शिवाय तिची भुकटी दात खरवडते ते वेगळेच. मानसिक ताण हेही एक कारण आहे. नैराश्यावरील फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांनीही काहींना हा त्रास सुरू होतो. तसे झाल्यास गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. जोरात घोरणाऱ्या व झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाने आधी त्याची तपासणी करून घ्यावी.

धाटाव औद्योगिक वसाहत रासायनिक कारखान्यांची आहे, म्हणून येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जिथे आम्लाची वाफ असते तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे, विशेषतः पुढचे दात, आम्लाने विरघळून पातळ होतात. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी तोंडात येणाऱ्यांचेही तसेच. असा मऊ झालेला दात रात्री घासला गेला की झीज झपाट्याने होते. दंतवैद्याकडे गेल्यावर आपण कोणत्या पदार्थात काम करतो हे न विचारताही सांगावे.

उपायांत मुख्य म्हणजे दातांवर रात्री बसविण्याची कडक पट्टी. दंतवैद्य दातांचे माप घेऊन ती बनवितात. ती दात खाणे बंद करीत नाही, झीज मात्र स्वतःवर घेते. वाढत्या वयाच्या मुलांना ती सहसा देत नाहीत. दिवसा आपले दात एकमेकांवर दाबलेले आहेत का, याकडे लक्ष ठेवावे. ओठ मिटलेले व दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. झोपण्यापूर्वी आनापान करणाऱ्यांनी ते जरूर करावे. मन शांत होते, परंतु त्यानेच दात खाणे जाईल असे मी म्हणणार नाही.

पट्टी सकाळी ब्रशने गार पाण्यात धुवावी, डबीत ठेवावी. गरम पाण्यात टाकू नये, तिचा आकार बिघडतो व ती पुन्हा दातांवर बसत नाही.