भरती किती वाजता?

आईबाबांनो, सहलीच्या आधी जेवणाच्या टेबलावर जी यादी तयार होते ना, तिच्याबद्दल आज बोलायचंय. पहाटे पाचला पुणं सोडायचं, ताम्हिणीतून खाली उतरायचं, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर उरकून संध्याकाळी आंजर्लं गाठायचं, दुसऱ्या दिवशी हर्णै, मुरुड, दाभोळ, गुहागर. कागदावर हे सगळं छान बसतं. मागच्या सीटवर सात वर्षांचा एक आणि चार वर्षांची एक असेल, तर मात्र पहिल्याच दुपारी त्याचा बोऱ्या वाजतो.

अशा सहलीत मुलं दिवसभर काय ऐकतात, आठवून बघा. चला. आटपा. शिंपले नंतर वेच. आता पुढचं ठिकाण. सुट्टीतही आपण शाळेच्या बसच्या वेळेसारखेच मागे लागतो, आणि मग मुलं भांडतात ती आपल्याशीच. कोकणच्या किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावर यातून सुटायची एक सोय आहे. तिथलं वेळापत्रक समुद्राचं असतं. भरती-ओहोटी आणि फेरीबोट, या दोघांना दिवसाचा ताबा देऊन टाकायचा. ‘बोट सुटेल’ म्हटल्यावर जी मुलगी चपला घालून धावत येते, तीच ‘बाबा वैतागलेत’ म्हटल्यावर ढिम्म हलत नाही. समुद्राशी हुज्जत घालता येत नाही, हे चार वर्षांच्या पोरालाही पटतं.

निघण्याआधीचं काम मुलांकडेच द्या. भिंतीवरचं कॅलेंडर काढायचं, तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती. किनाऱ्यावरची जुनी माणसं असाच हिशेब करतात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, रीत तीच. अष्टमी असेल तर सहाला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने, खरं तर पन्नासेक मिनिटांनी, पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, तेव्हा पोहोचल्यावर गावात एकदा विचारून घ्या. घरात पाऊणकीचा पाढा पाठ असलेली आजी असेल तर तिला मध्ये घ्याच. नातवंडांपुढे तिचा भाव वधारेल.

आता उदाहरण घेऊ. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हरिहरेश्वरला मुक्कामी पोहोचलात आणि शनिवारी चतुर्थी आहे. चार पाऊणे तीन, म्हणजे भरती दुपारी तीनला आणि ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. तर मग सकाळी देवदर्शन करून प्रदक्षिणेच्या वाटेने खाली उतरा. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने तिथला कातळ इतका कोरलाय की मधाच्या पोळ्याची भिंत वाटावी. मुलं त्या खळग्यांत बोटं घालत बसतील, बसू द्या. मात्र ही वाट फक्त ओहोटीची आहे. भरतीच्या वेळी तिथे माणसं वाहून गेली आहेत. मुलांचा हात धरूनच चाला, आणि फोटोसाठी कडेला उभं करू नका.

हरिहरेश्वरहून जवळच बागमांडला. तिथून सावित्रीच्या खाडीपलीकडे वेश्वी. रायगड जिल्हा संपतो, रत्नागिरी सुरू होतो. गाडीतून गाड्यांचे नंबर वाचायचा खेळ चालू असेल तर एमएच-०६ कमी होऊन एमएच-०८ कुठे वाढायला लागतात, ते मुलांनाच शोधू दे. फेरीबोट ही मला विचाराल तर या सगळ्या रस्त्यावरची लहान मुलांसाठीची सर्वात मोठी गंमत आहे, आणि आपण ती नुसती ‘वाटेतली अडचण’ म्हणून उरकतो. धक्क्यावर अर्धा तास आधी जा. समोरून बोट येताना दिसते, पुढची लोखंडी फळी धाडकन धक्क्यावर पडते, एसटीपासून स्कूटरपर्यंत सगळं बाहेर येतं. मग बोटीवरचा माणूस हाताच्या खुणेने एकेक गाडी आत घेतो, दोन गाड्यांत जेमतेम वीतभर फट ठेवून. हे बघताना मुलं खाऊसुद्धा मागत नाहीत. गाडी लागली की हँडब्रेक लावा आणि सगळे खाली उतरा. गाडीत बसून खाडी ओलांडण्यात अर्थ नाही. मुलांना कठड्यापासून हातभर आत उभं करा, म्हणजे झालं.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दिवसांत जात असाल तर शनिवारचा मुक्काम वेळासला. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव आता कासवांमुळे ओळखलं जातं. ऑलिव्ह रिडले माद्या रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्रे संपवत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन संवर्धन सुरू केलं. अंडी जाळीच्या कुंपणात, तशाच खोलीच्या खड्ड्यात पुन्हा पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सकाळी आणि संध्याकाळी कार्यकर्ता खड्ड्यावरची टोपली उचलून बघतो, आणि दोरीमागे उभी असलेली सगळी पोरं एकदम टाचा उंचावतात.

इथे मुलांना आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, टोपलीखाली काहीच नसण्याची शक्यता भरपूर आहे. पैसे भरले म्हणून पिल्लू निघत नाही. दुसरी, हात लावायचा नाही आणि फ्लॅश मारायचा नाही. पिल्लू आपल्या बोटापेक्षा लहान असतं, काळंकरडं, आणि पाण्यापर्यंतचं ते वीसेक पावलांचं अंतर त्याने स्वतः चालून जायचं असतं. एखादं उलटं पडतं, एखादं भलत्याच दिशेला निघतं. मुलं ओरडून त्याला दिशा दाखवतात. मोठ्या मुलांना आणखी एक सांगा: वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात, थंड असेल तर नर. पुढे घरी जेवताना यावर जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

राहायचं गावातल्या घरांतच. जेवण घरचं: घावन, वालाचं बिरडं, सोलकढी. तिखट कमी करायला आणि मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. ऐन वेळी उकड काढून कोणी मोदक वळून देत नाही.

रविवारी फार काही करू नका. केळशी, आंजर्लं, कड्यावरचा गणपती; वरून सुवर्णदुर्ग आणि माडांचं पठार दिसतं. तेवढं पुरे. संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघा. पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, मध्येच मुशी आणि माकूल, आणि आकडे इतक्या वेगाने बोलले जातात की आपल्याला लिलाव संपल्यावर कळतं की तो चालू होता. शाकाहारी घरातली मुलं नाक धरून बघतात, पण बघतात. खाली बर्फाचं पाणी असतं, पाय घसरतात, गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा लिलावाच्या आशेने जाऊ नका.

सकाळचा वेळ मात्र नुसत्या किनाऱ्याला द्या. ओहोटीच्या ओल्या वाळूवर हजारो बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, एका भोकापासून चहूकडे पसरलेली. दोन मिनिटं अजिबात न हलता उकिडवे बसा. शेंगदाण्याएवढा खेकडा बाहेर येतो, दोन्ही नांग्यांनी वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्यासारखं तेवढं चाटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. कुणी शिंकलं की सगळे एकदम गायब. घरात पाच मिनिटं एका जागी न बसणारं पोर इथे अर्धा तास बसलेलं मी पाहिलंय. याला तिकीट नाही. वॉटर स्कूटर, वाळूवरच्या चारचाकी गाड्या, डॉल्फिनच्या मागे पळणाऱ्या बोटी यांना आहे, आणि माझ्या मते सात-आठ वर्षांखालच्या मुलांना त्यातलं काहीच नसलं तरी चालतं. बोटीत बसलातच तर अंगाला बसेल असं लाइफ जॅकेट मिळालं तरच. आणि पाण्यात खेळायचं ते चढत्या पाण्यात, गुडघ्याएवढ्यात. ओहोटी लागली की बाहेर.

सोमवारी दाभोळहून दुसरी फेरीबोट. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे. ही बोट नसती तर चिपळूणचा मोठा वळसा पडला असता. गुहागरला जेवण, सुरूच्या सावलीत झोप आणि मग हेदवी. सोमवारी षष्ठी, सहा पाऊणे साडेचार. म्हणजे भरती साडेचारला, आणि यावेळी आपल्याला भरतीच हवी आहे. उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद चीर आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या चिरेत घुसतं, कोंडतं आणि गडगडाट करत उंच उसळतं. उधाणाच्या दिवसांत जोर जास्त. लांबूनच बघा, कातळ ओला आणि निसरडा असतो. आपण केलेला हिशेब समुद्राने पाळला, हे मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं. पंधरा मिनिटं उशीर झाला तर तो समुद्रालाच रागावतो!

गाडीतलं थोडं. घाटात गाडी लागणाऱ्या मुलाला उपाशी ठेवू नका आणि तुडुंबही भरवू नका. कोरडी पोळी किंवा खाकरा, तोंडात आवळासुपारी, खिडकी उघडी आणि हातात मोबाइल नाही. वळणांत खाली मान घालून पडद्याकडे बघितलं की पोट ढवळतंच. चौदा वर्षांखालच्या मुलांना पट्टा किंवा त्यांच्या मापाची सीट 2019 च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने सक्तीची आहे, दंड हजार रुपये. मांडीवर बसवून नेणं अजूनही आपल्याकडे मायेचं समजतात. ते करू नका. टाकी माणगावलाच भरा, सुटे पैसे जवळ ठेवा, आणि स्वच्छतागृह दिसलं की ‘लागली नाही’ म्हणणाऱ्यालाही आत पाठवा. किनाऱ्यावर पुढचं कधी भेटेल याचा नेम नाही.

मंगळवारी चिपळूण, कुंभार्ली, पाटण, कऱ्हाड असे घरी. निघायच्या आधी शंखांची पिशवी रिकामी करा आणि प्रत्येक शंख पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं ठेवा. ज्यातून पाय बाहेर येतील तो किनाऱ्यावर परत. हे काम मुलांकडूनच करून घ्या, नाहीतर कऱ्हाडच्या पुढे गाडीत काय वास येतोय हे शोधत तुम्हाला हायवेच्या कडेला उभं राहावं लागेल.