तगर म्हणजेच आपले तेर

तेर हे गाव आपल्या सर्वांना माहीत आहे ते संत गोरोबाकाकांमुळे. तेरणेच्या काठी त्यांचे मंदिर आहे आणि आमच्या घरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तेथे दर्शनाला जात आली आहेत. परंतु याच गावाचे नाव सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याच्या लेखणीतून उतरले होते, हे मला प्रथम वर्षाच्या इतिहासाच्या तासाला कळले. तोपर्यंत रोम म्हणजे परीक्षेपुरते पाठ करावयाचे एक साम्राज्य, एवढीच माझी समजूत होती.

त्या ग्रंथाचे नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. लेखकाचे नाव अज्ञात आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा मध्य. बरिगाझा म्हणजे भडोच बंदर. तेथून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगराहून भडोचला जाई ते मुख्यतः कापड: जाडेभरडे पुष्कळ, शिवाय तलमही. हा माल गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून जाई, अशी नोंद त्याने केली आहे. (रस्त्यांविषयीचे हे वाक्य वर्गात वाचले गेले तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला होता.) उलट दिशेने भडोचला उतरत असे ते द्राक्षांचे मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्याचांदीची नाणी.

हे तगर कोणते, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला. कोणी दौलताबाद म्हटले, कोणी जुन्नर. १९०१ साली फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असे साधार मांडले आणि ते मत पुढे मान्य झाले. पेरिप्लसकार ‘पूर्वेकडे’ म्हणतो आणि तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. पण तगरला स्वतः न गेलेल्या माणसाकडून याहून अधिक अचूकपणाची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करीत असतानाही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. गाव सुटले तरी नाव सोडवले नाही.

तेरच्या जमिनीने पुढे स्वतःच साक्ष दिली. १९५८ साली चापेकर यांनी येथे उत्खनन केले आणि त्यानंतरही उत्खनने झाली. सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. परंतु त्याआधीपासून तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे हे गृहस्थ पावसाने उघड्या पडलेल्या वस्तू जमवीत होते. त्यांच्या संग्रहातून आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. तेथे पांढऱ्या केओलिन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती आहेत, मणी आहेत, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या मुद्रा आहेत. परदेशी नाण्याची मातीत नक्कल करून ती दागिना म्हणून मिरवणारे लोक आपल्या तेरणाकाठी राहत होते, हे मला फार गमतीचे वाटते.

सर्वांत मोलाची वस्तू मात्र वीतभरही उंच नाही. ती आहे हस्तिदंती स्त्रीप्रतिमा. अशाच घडणीची एक हस्तिदंती प्रतिमा इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडली. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती प्रतिमा त्यापूर्वीच येथून समुद्रापार पोहोचली होती. ती नेमक्या कोणत्या गावी घडली हे ठरलेले नाही; तथापि आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही तशीच एक सापडली आहे. त्यामुळे तिचे माहेर आपल्या दख्खनच्या या भागातच असावे, असे म्हणावयास जागा आहे.

तेरची देवळे पाहायला मी आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरोबर नेले. ते गवंडीकाम करतात. त्रिविक्रमाचे मंदिर विटांचे आहे, त्याची मागची बाजू अर्धगोल आणि छप्पर हत्तीच्या पाठीसारखे. हेन्री कझिन्स यांनी ते मूळचे बौद्ध चैत्यगृह ठरवले. काही अभ्यासकांना ते पटत नाही. आप्पा या वादात पडले नाहीत. ते विटांचा सांधा पाहत राहिले. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात, असे मी त्यांना सांगितले. क्षणभर थांबून ते म्हणाले, “आरं, मातीत तूस मिसळलं आसंल. भाजताना तूस जळतंय आन्‌ आत पोकळ्या राहत्यात.” पुस्तकात वाचलेलीच ही गोष्ट, पण त्यांनी ती कोणतेही पुस्तक न वाचता सांगितली. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट पाहून मात्र ते काही बोलले नाहीत. दोनदा मागे फिरून त्यांनी ती पाहिली.

आता थोडे कटू. आपल्याकडे जुन्या ओसाड वस्तीच्या जागेला ‘पांढर’ म्हणतात. तिची माती माळवदावर टाकायला उत्तम, कारण ती पाणी धरत नाही. शेतातही खत म्हणून ओढली जाते. गाडीमागून गाडी माती गेली की तिच्यातले मणी, खापरे, नाणी आणि त्यांचे थरही जातात. थर एकदा विसकटला की वस्तू हाती लागूनही ती कोणत्या काळची हे सांगणे अवघड होते. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला ती माती आहे, एवढेच ठाऊक आहे. आणि ती माती म्हणजे काय, हे त्याला सांगायला आपल्यापैकी फारसे कोणी गेलेले नाही.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्यापैकी पुष्कळांची गावे तेरणेच्या आणि मांजरेच्या काठी आहेत. दिवाळीच्या सुटीत गावी गेल्यावर आपल्या गावची पांढर कोठे आहे, किती उरली आहे आणि आपल्या माळवदावरची माती कोठून आली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. वस्तू उचलून आणू नये. जागा मात्र नेमकी टिपावी. माझ्या गावाची नोंद मी इतिहास विभागाकडे दिली आहे. तीत आजीने सांगितलेल्या तीन जागा आहेत. त्यांपैकी दोन ठिकाणी आज ज्वारी उभी आहे.