तीन अंशांचा हिशेब

जानेवारी १९९७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला कॅमेरा आणि संगणकाच्या मदतीनं गुडघा बदलण्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. आता ‘नेव्हिगेशन’ म्हटलं जाणारं हे तंत्र आपल्याकडेही रुळलंय. सांधेरोपणाच्या कामात त्यानं मला जे शिकवलं, ते असं.

१. खुब्याचा मध्य डोळ्यांना दिसत नाही. पण खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत आणायचे, फार तर तीन अंश इकडेतिकडे, असं आम्ही शिकलो. त्यामुळे तो मध्य सापडलाच पाहिजे. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात पिना रोवून त्यांवर चमकदार गोळ्यांचे ट्रॅकर बसवतात. इन्फ्रारेड कॅमेरा त्यांची हालचाल टिपतो. पाय खुब्यातून गोलाकार फिरवला, की मांडीवरच्या ट्रॅकरच्या फिरण्यावरून संगणक खुब्याचा मध्य काढतो. एक्स-रे लागत नाही. मात्र या वेळी कंबर हलता कामा नये. म्हणून ती धरणारा सहायक मला अनुभवी लागतो.

२. संगणकाला फक्त आपण दाखवलेलं कळतं. घोट्याची दोन्ही टोकं, मांडीच्या हाडाचे उंचवटे असे बिंदू आपणच पॉइंटरनं टेकवून द्यायचे. उंचवटे मऊ आवरणाखाली दडलेले असतात, तिथं बोट सहज घसरतं. बिंदू चुकला तरी पडद्यावरचा आकडा तितकाच ठाम दिसतो. शंका आली, की मी करवत बाजूला ठेवून बिंदूंची नोंदणी पुन्हा करतो.

३. पिन हलली, की पुढचं सगळं माप खोटं. वयस्कर बायकांची हाडं ठिसूळ असतात, तिथं पिनेची पकड तपासत राहावं लागतं. क्वचित पिनेच्या भोकापाशी नंतर हाड मोडतं. ही जोखीम आणि पिनांच्या जादा जखमा पेशंटला आधीच सांगायला हव्यात.

४. कॅमेरा आणि ट्रॅकर यांच्या मधे कुणी उभं राहायचं नाही.

५. जुन्या फ्रॅक्चरची प्लेट असलेली किंवा वाकलेली मांडी असेल, तर या तंत्राचं खरं मोल कळतं. नेहमीच्या पद्धतीत हाडाच्या पोकळीत दांडा घालून दिशा ठरवतात. अशा मांडीत तो जातच नाही, आणि नेव्हिगेशनला तो लागत नाही. म्हणून अशा पेशंटसाठी मी त्याचा आग्रह धरतो.

६. सगळ्यांसाठी मात्र धरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत ६५ वर्षांखालच्या पेशंटमध्ये नेव्हिगेशननंतर पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ कमी आलेली दिसते. पण दुखणं कमी होणं आणि चालणं यांत बहुतेकांना मोठा फरक जाणवत नाही. सत्तरीच्या आजींचा गुडघा साधा झिजलेला असेल, तर केवळ नेव्हिगेशनसाठी मुलानं कर्ज काढू नये, असं मी स्पष्ट सांगतो.

७. ‘ऑपरेशन कॉम्प्युटर करणार का?’ असं नातेवाईक हमखास विचारतात. नाही. करवत सर्जनच्याच हातात असते. सांध्याचे बंध कुठे ताठ, कुठे सैल हे पडदा दाखवतो. ते किती सोडवायचे, हे सर्जननं ठरवायचं.

८. ‘मांडी घालून बसता येईल का?’ याचं उत्तर कॅमेऱ्याकडे नाही. गुडघा आधी किती वाकत होता आणि नंतर व्यायाम किती होतो, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून फिजिओथेरपिस्टची पहिली भेट मी ऑपरेशनच्या आधीच ठरवतो. ताज्या टाक्यांच्या वेदनेत नवा व्यायाम शिकणं फार जड जातं.