ग्राफिक्स कार्डाचा प्लग : उष्णतेच्या खुणा कशा ओळखाव्या?



वाहकात निर्माण होणारी उष्णता ही धारेचा वर्ग, रोध आणि वेळ यांच्या गुणाकाराएवढी असते, हा ज्यूलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकता. तो केवळ परीक्षेपुरता नाही. तुमच्यापैकी काहींच्या घरी गेमसाठी किंवा व्हिडिओच्या कामासाठी ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक आहे. त्या कार्डाच्या प्लगमध्ये हा नियम रोज काम करीत असतो.

कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. बाकीची वीज पॉवर सप्लायच्या वेगळ्या केबलने येते. ६ पिनांचा प्लग ७५ वॅट, ८ पिनांचा १५० वॅट आणि २०२२ पासून मोठ्या कार्डांवर आलेला १६ पिनांचा प्लग ६०० वॅटपर्यंत वीज देतो.

आता गणित पाहा. व्होल्ट फक्त १२. म्हणून ६०० ÷ १२ = ५० अँपियर. ही धारा ६ पिनांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकीतून ८ अँपियरपेक्षा थोडी जास्त. घरचा २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर घेतो. गीझरच्या जाड पितळी पिनेतून जेवढी धारा जाते, जवळजवळ तेवढीच या बारीक पिनेतून जाते! ऑक्टोबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्ड बाजारात आले आणि त्याच महिन्यात प्लग वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. प्लग पूर्ण न बसणे हे त्याचे एक मोठे कारण आढळले. २०२३ मध्ये प्लगची रचना सुधारण्यात आली, पण काळजी घेणे संपलेले नाही.

बिघाड एका दिवसात होत नाही. पिन किंचित सैल असली की स्पर्शाच्या जागी रोध वाढतो, जागा तापते. तापल्याने धातूची पकड ढिली होते, पृष्ठभाग काळवंडतो, रोध आणखी वाढतो. तिच्या वाट्याची धारा शेजारच्या पिनांवर पडते आणि त्याही तापू लागतात. म्हणून एकदा पाहून समाधान मानू नये.

तपासणी अशी करावी

१. घरातील मोठ्या माणसांसमोर संगणक बंद करून मुख्य प्लग काढावा. अर्धा तास थांबावे.

२. दर दोन-तीन महिन्यांनी प्लग न काढता टॉर्चने पाहावे. प्लग पूर्ण आत आहे का? फट दिसते का? केबल तोंडापाशीच वाकली आहे का? पहिले तीन-चार सेंटीमीटर ती सरळ असावी.

३. प्लास्टिक पिवळे-तपकिरी होणे, फुगणे, वायरचे आवरण कडक होणे, जळका वास येणे, गेम चालू असताना पडदा अचानक काळा होणे या धोक्याच्या खुणा आहेत.

४. प्लग वारंवार काढू नये, त्यानेही पिनांची पकड सैल होते. शंका आली तरच खटका दाबून काढावा. वायर ओढू नये. पिना काळ्या दिसल्या किंवा प्लग चिकटून बसला असेल तर नुकसान झाले आहे असे समजावे.

५. दर वेळी मोबाईलने फोटो काढून तारीख लिहावी. रंगातला हळूहळू होणारा बदल डोळ्यांच्या लक्षात राहत नाही, फोटोत तो दिसतो.

खूण आढळली तर संगणक सुरू करू नये. पिना घासून साफ करून पुन्हा लावणे धोक्याचे आहे. केबल आणि कार्डाचे सॉकेट दोन्ही जाणकाराला दाखवावे, कारण जळालेल्या सॉकेटात नवी केबलही जळते. दुसऱ्या पॉवर सप्लायची केबल, आकाराने बसली तरी, लावू नये. आतली जोडणी वेगळी असू शकते. बिल सांभाळून ठेवावे.

आई-वडिलांनी काटकसर करून घेतलेली ही वस्तू आहे, आणि प्रश्न तिच्या किमतीपुरताच नाही, घराच्या सुरक्षिततेचाही आहे.

सोडवून पाहा : ३०० वॅटचे कार्ड १२ व्होल्टवर किती धारा घेईल? ती ६ पिनांऐवजी ३ पिनांतूनच गेली, तर प्रत्येक पिनेतील उष्णता किती पट होईल?