चार्जरवरचे दोन आकडे: बॅटरीसाठी कोणता बघायचा?



फवारणी पंपाचा चार्जर जळाला की आपण दुकानात जातो आणि "याच पिनचा दुसरा द्या" म्हणतो. पिन बसते, दिवा लागतो. पण काही दिवसांत बॅटरी फुगते, नाहीतर अर्ध्या एकरातच पंप मान टाकतो. यातलं बरंचसं उत्तर चार्जरच्या स्टिकरवरच असतं. चार्जर पालथा करून बघा, साधारण असं लिहिलेलं दिसेल:

*इनपुट:* १००-२४० व्होल्ट एसी, ०.६ अँपिअर
*आउटपुट:* १२ व्होल्ट डीसी, १.७ अँपिअर

(तुमच्याकडचे आकडे थोडे वेगळे असतील, चालेल.)

बरेच जण विचारतात, आत ०.६ आणि बाहेर १.७, मग करंट वाढला कुठून? वाढलं काहीच नाही. अँपिअर एकटा बघायचा नसतो, व्होल्टशी गुणायचा असतो. तो गुणाकार म्हणजे वॅट. विहिरीचं बघा. तेवढ्याच एचपीत खोल विहिरीतून पाणी कमी येतं, उथळ विहिरीतून जास्त येतं. व्होल्ट म्हणजे उंची, अँपिअर म्हणजे धार. चार्जर २३० व्होल्टची बारीक धार घेतो आणि १२ व्होल्टची जाड धार देतो.

आता हिशेब. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरताना चार्जर साधारण १४.४ व्होल्टपर्यंत जातो. १४.४ × १.७ म्हणजे जवळपास २५ वॅट. थोडी वीज चार्जर तापण्यात जाते (हात लावला की कोमट लागतो तो त्यामुळेच), म्हणून बोर्डातून ३० वॅटच्या आसपास ओढली जाते.

मग २३० × ०.६ = १३८ वॅट का नाही? कारण ०.६ हा जास्तीत जास्त आकडा आहे, व्होल्टेज अगदी कमी असतानाचा, आणि कंपनी त्यात वर थोडी सूटही धरते. तो वायर, फ्यूज आणि बोर्डासाठी. *इनपुटचा आकडा मोठा म्हणून चार्जर जास्त ताकदीचा, असं होत नाही.* बिलाचंही तसंच. ३० वॅट आठ तास चालला तरी पाव युनिटच्या आत.

बॅटरीला कळतो तो फक्त आउटपुट. बॅटरीवर १२ एएच लिहिलं असेल तर १२ भागिले १.७, म्हणजे सात तास. शेवटचा टप्पा हळू भरतो, म्हणून आठ-नऊ तास धरा. ८ एएचला पाच-सहा तास. पण १ अँपिअरचा चार्जर आणला असेल तर १२ एएचला बारा तासांच्या वर लागतील. संध्याकाळी लावून रात्री झोपताना काढला तर सकाळी पंप अर्धाच भरलेला असणार, त्यात बॅटरीचा दोष नाही.

जास्त अँपिअरचा घेतला तर? तिथंच नुकसान होतं. सीलबंद लेड-अ‍ॅसिडला एएचच्या साधारण ०.३ पटीवर करंट नको: १२ एएचला ३.६ अँपिअर, ८ एएचला २.४. बऱ्याच बॅटऱ्यांवर हा आकडा "इनिशियल करंट" म्हणून छापलेला असतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा १० अँपिअरचा चार्जर "बारा व्होल्टच आहे की" म्हणून पंपाला लावू नका. बॅटरी तापते, आत गॅस धरतो, फुगते, फुटूही शकते.

दुसरी गफलत अडॅप्टरची. सेट-टॉप बॉक्सचा किंवा वायफायचा १२ व्होल्टचा अडॅप्टर बरोबर १२ व्होल्टच देतो. भरलेली बॅटरी नुसती ठेवली तरी पावणेतेरा व्होल्टच्या आसपास असते, मग ती १२ वर भरणार कशी?

आणि *लिथियम* बॅटरी असेल तर जास्त सांभाळा. पिन तीच असते, पण तीन सेलचा पॅक १२.६ व्होल्टला पूर्ण भरतो. त्याला लेड-अ‍ॅसिडचा १४.४ चा चार्जर लावला आणि आतलं संरक्षण सर्किट खराब असलं तर आग लागू शकते. उलट १२.६ चा चार्जर लेड-अ‍ॅसिडला लावला तर ती कधीच पुरती भरत नाही.

इनपुटचा हिशेब लागतो तो लाईट नसताना, इन्व्हर्टरवर पंप लावायचे असतील तेव्हा. असे छोटे चार्जर करंट तुटक तुटक ओढतात, म्हणून ३० वॅट असले तरी प्रत्येक पंपामागे ६० व्हीए धरा. चार पंप म्हणजे २४० व्हीए, घरातल्या पंखे-दिव्यांच्या वर.

नवा चार्जर घ्यायचा असेल तर जुन्या चार्जरच्या स्टिकरचा आणि बॅटरीच्या लेबलचा, असे दोन फोटो ग्रुपवर टाका. दुकानदाराला पैसे देण्याआधी टाका.