व्हाइटहॉलची शिडी

वैद्यकीय महाविद्यालयात असताना हृदयविकाराची कारणे आम्ही मुखोद्गत केली होती : धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह. माणसाची नोकरीतील श्रेणी त्या यादीत कोठेच नव्हती. ती असावयास हवी होती, हे मला फार उशिरा, लंडनमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष वाचताना उमगले. समाजशास्त्र आणि वैद्यक यांच्या सीमेवरील तो अभ्यास व्यवसायबंधूंपुढे थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

व्हाइटहॉल हा लंडनमधील सरकारी कचेऱ्यांचा रस्ता. १९६७ मध्ये डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोज यांनी तेथील सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी आरंभिली. यांतील कोणी बेकार नव्हता; ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवाही १९४८ पासून सर्वांना खुली होती. त्यामुळे दारिद्र्य आणि उपचारांचा अभाव ही आपली नेहमीची उत्तरे येथे अपुरी पडतात. तरीही १९७८ मध्ये मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेसात वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपायांचे हृदयविकाराने मृत्यू पावण्याचे प्रमाण सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या ३.६ पट आढळले. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी घटक हिशेबात धरूनही बराचसा फरक उरलाच. शिवाय हा फरक केवळ दोन टोकांतला नव्हता. पायरी उतरावी तसा धोका वाढत होता.

१९८५ ते १९८८ या काळात दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात १०,३०८ कर्मचारी होते आणि त्यांत सुमारे एकतृतीयांश स्त्रिया. आपल्या कामावर आपले नियंत्रण किती, हा प्रश्न येथे कळीचा ठरला. ज्यांना ते कमी, त्यांना हृदयविकार अधिक. पुढे कर्मचाऱ्यांना दहा पायऱ्यांच्या शिडीचे चित्र देऊन, समाजात आपण कोणत्या पायरीवर आहोत, तेथे खूण करावयास सांगितले. माणसाने स्वतःला दिलेले हे स्थान त्याच्या आरोग्याविषयी हुद्द्यापेक्षाही अधिक सांगून गेले.

मात्र एक सावधगिरी हवी. २०१० मधील विश्लेषणानुसार, सवयी एकदाच मोजल्या तर श्रेणीनुसार मृत्यूंत दिसणाऱ्या तफावतीचा ४२ टक्के भाग उलगडतो. वर्षानुवर्षे पुनःपुन्हा मोजल्या तर ७२ टक्के. म्हणजे सवयी गौण नव्हेत. परंतु त्या सवयीही शिडीवर सारख्या वाटलेल्या नाहीत, हे विसरून चालणार नाही.

हे वाचून मला इंदुरातील माझ्या दवाखान्यात येणारा एक शिपाई आठवला. रक्तदाब चढाच, तंबाखूवरून मी त्याला कित्येक वर्षे रागावत आलो होतो. पुढच्या खेपेस प्रथमच विचारले, “दिवसभर काम कसे असते?” तो थोडा थांबून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, पाणी प्यायला जायचं तरी विचारून जावं लागतं.” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता, याची लाज वाटली.

लंडनचे आकडे इंदूरला जसेच्या तसे लागू होतील, असे मी म्हणत नाही. त्याची औषधेही मी बदलली नाहीत. रागावणे मात्र सोडले, आणि नव्या रुग्णाच्या कागदावर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे आता एका शब्दाऐवजी दोन ओळी लिहितो.