चाळिशीत स्कीइंग? आधी पडायला शिका

थंडी सुरू झाली की चाळिशी-पन्नाशीतले पेशंट विचारतात, "डॉक्टर, गुलमर्गला चाललोय, स्कीइंग केलं तर चालेल का?" प्रकृती ठीक असेल तर जरूर करा. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की करून निघा: सुरुवातीचे दिवस तुम्ही सारखे पडणार आहात आणि शेजारून सहा-सात वर्षांची पोरं सुसाट जाणार आहेत. हे ज्यांना पचत नाही, त्यांच्या गुडघ्यांची मला काळजी वाटते.

कारण शरीरशास्त्रात आहे. उतार पाहून घाबरलेलं अंग आपोआप मागे झुकतं. स्कीवर हीच सावधगिरी घात करते. वजन टाचांवर गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात आणि वळण हातात राहत नाही. अशात कुल्ले गुडघ्यांच्या खाली गेले आणि एका स्कीची कड बर्फात रुतली, तर लांब स्की पाय पिळते आणि गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटू शकतं. म्हणून नडग्या बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेल्या, गुडघे किंचित वाकलेले, हात समोर. मन नको म्हणत असलं तरी उताराच्या दिशेने झुकायचं.

तोल गेलाच तर सावरायची धडपड करू नका. एका कुशीवर, कुल्ल्यावर पडा आणि घसरणं पूर्ण थांबल्यावरच उठा. मुठीत काठी धरून हातावर पडलं की अंगठा बाहेरच्या बाजूला पिळतो आणि त्याच्या बुडाशी असलेलं लिगामेंट दुखावतं. त्यामुळे पडताना काठी सोडून द्या.

तयारी सहा-आठ आठवडे आधी सुरू करा. सिंहगड उतरताना मांड्या थरथरतात ना, स्कीइंगमध्ये त्याच स्नायूंची कसोटी लागते. भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसणं, बैठका, जिने उतरणं आणि एका पायावर उभं राहणं एवढं नियमित करा. हृदयविकार, ठिसूळ हाडं, गुडघ्याचं जुनं दुखणं किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

स्की भाड्याने घेताना खरं सांगा. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती जोर आला की सुटावं, हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरतं. येत नसताना "येतं थोडंफार" म्हणालात, तर ते जास्त घट्ट बसवलं जाईल आणि पडताना सुटणार नाही. वजन कमी सांगितलंत, तर भलत्याच वेळी सुटेल. हेल्मेट मात्र सगळ्यांनीच घालायचं.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, औलीही २,५०० मीटरच्या पुढे. मुंबई-पुण्याहून गेल्यावर पहिला दिवस आराम करा, पाणी भरपूर प्या, दारू टाळा. डोकेदुखी, मळमळ, चक्कर असेल तर आणखी वर जाऊ नका. त्रास वाढला तर खाली उतरा. गुलमर्गच्या गंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा जवळपास ३,९५० मीटरवर नेतो, तिथले उतार नवशिक्यांसाठी नाहीत. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परावर्तित करतो, म्हणून ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन हवंच.

गुडघ्यात 'कट्ट' असा आवाज होऊन काही तासांत सूज आली, पायावर भार देता येईना किंवा अंगठ्याच्या चिमटीत जोर राहिला नाही, तर स्कीइंग बंद करून डॉक्टर गाठा. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा गुंगी आली, तर लगेच हॉस्पिटल.

थकलेले पाय आज्ञा पाळत नाहीत, तरी दुपारी "आता शेवटची एक फेरी" म्हणायचा मोह होतोच. तुमचा इन्स्ट्रक्टर कदाचित तुमच्या मुलाच्या वयाचा असेल. तो "आज इतकंच" म्हणाला, की पैसे वसूल झाले की नाही याचा हिशेब न करता स्की काढून ठेवा.